मशालीच्या जागी कलश

५ जानेवारी, रविवार
पाणी पुन्हा बिघडलं! चित्रकलेच्या क्लासमध्ये सगळ्यांसमोर देवमन सर म्हणाले, "मॅडम, हा समुद्र आहे का शेततळं?" मी कुठे पाहिलाय समुद्र! सरांनी तरी कुठे पाहिलाय! न्यूयॉर्कचं बंदर, मागे उंच इमारती, पुढे मशाल धरलेली ती प्रचंड बाई — सगळं एका कॅलेंडरवरून काढायचं. चिडून वडाळी तलावावर जाऊन बसले. पाण्यातलं झाड सलग दिसत नाही, तुटत तुटत दिसतं. एवढं साधं आजवर दिसलं नव्हतं मला.

१९ जानेवारी
सर म्हणतात, पुतळा मोठा करू नका, होडी लहान करा. केली. आणि बाई एकदम उभीच राहिली! सगळ्यात शेवटी मशाल. घरी येऊन अमोलला म्हटलं, नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये हेच लावायचं. "लाव ना," म्हणाला. मोबाईलमधून मान वर न काढता, नवऱ्यांच्या पद्धतीने — पण म्हणाला.

२ फेब्रुवारी
वास्तूवाला येऊन गेला. आग आणि पाणी एका चौकटीत नको म्हणे, घरात भांडणं होतात. भांडण तर तो लिफ्टमध्ये शिरतो न शिरतो तोच झालं, माझं आणि अमोलचं!
"मशालच काहून पाह्यजे तुले? कलश दे तिच्या हातात."
कलश! न्यूयॉर्कला ती कोणाच्या वास्तुशांतीला उभी आहे? आता बोलणारच नाही अमोलशी.

३ फेब्रुवारी
बोलले. डबा द्यायचा होता.

१० फेब्रुवारी
बँकेत मॅनेजरनी पुन्हा विचारलं — बढती, अकोला शाखा. दोनदा नाही म्हटलंय. आताही तेच म्हणायचं. घर आहे ना!

१७ फेब्रुवारी
चुलतबहिणीच्या लग्नाहून परत आले. हॉलमध्ये चित्र लागलेलं. बाईच्या हातात कलश! वर नारळ, आंब्याची पानं! मी नसताना अमोलने सरांकडून मशालीवर रंगवून घेतला. सरांना फोन केला. "साहेब म्हणाले, तुम्हाला चालते." साहेब म्हणाले! आणि खाली सही माझी!
सासूबाई चित्रासमोर उभ्या होत्या. "बाईच्या हातातला दिवा काहून इझवला रे, अमोल?"
"तुले काय समजते त्यातलं, आई? चित्रच त आहे."
बढती नाकारली तेव्हाही हेच — नोकरीच त आहे! माझं जे काही असेल ते याच्यासाठी 'च त आहे'. इतका संताप आला की जेवण गेलं नाही.

१८ फेब्रुवारी
टर्पेंटाइनचा बोळा घेतला. कलशाचा रंग अजून ओला होता. नारळ गेला, पानं गेली, कलश गेला. खाली माझी मशाल — वाळलेली, जशीच्या तशी! अमोल ओरडला, "घरात भांडणं लावून राहिली तू!" हो म्हटलं. लावून राहिले.
मग बँकेत जाऊन मॅनेजरना होकार दिला.

७ एप्रिल, अकोला
रुजू झाले. भाड्याच्या घरात खिळा ठोकला, चित्र लावलं. भिंत कोणत्या दिशेची, कोणाला विचारलं नाही. सासूबाईंनी आपली बॅग कॉटखाली सरकवली. मी बोलावलं नव्हतं, स्वतःच निघाल्या माझ्याबरोबर. अमोलचा फोन आला तेव्हा त्यांनीच घेतला.
"वास्तूवाल्याले बोलाव स्वयंपाकाले," म्हणाल्या, आणि ठेवला.