जिचं गाणं, तिचं नाव

माय, आज दुपारी रेडिओवर तुझी गाणारी लागली. सिनेमाचं नाव सांगितलं, संगीतकाराचं सांगितलं, तिचं राहिलंच. मांडीवरची मेथी तशीच ठेवून मी ऐकत बसले. बड्या गायिकांची गाणी लागली तरी तुझा भाकरी थापणारा हात चालू असायचा. हिचं लागलं की थांबायचा, आणि तव्यावरची करपायची. नायिकेची गाणी तिला क्वचितच मिळत. मैत्रिणीचं, लग्नात नाचणारीचं, नाहीतर एखादी अंगाई. तू म्हणायचीस, "ही रडत न्हाई गं. रडू गिळून गायलीय."

त्या वर्षी जयंतीला पूर्णेत, आपल्या रेल्वे क्वार्टरांमागच्या मैदानावर, नांदेडचा ऑर्केस्ट्रा आला होता. त्यातल्या मुलीनं तुझ्या गाणारीचं गाणं म्हटलं आणि निवेदकानं नाव घेतलं दुसऱ्याच, मोठ्या गायिकेचं. बायकांच्या घोळक्यातून तू उभी राहिलीस. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी तू. "हे गाणं तिचं न्हाई. जिचं हाय तिचं नाव घ्या." लोक हसले. निवेदक ताई बसा, ताई बसा म्हणत राहिला. मी तुझा पदर ओढतेय, पलीकडे पुरुषांत दादा मान खाली घालून बसलेत, आणि तू उभीच. शेवटी त्या गाणाऱ्या मुलीनंच माईक घेऊन खरं नाव सांगितलं. तेव्हा बसलीस. घरी येताना दादा पुढं पुढं चालले. आल्यावर एवढंच म्हणाले, की रेल्वेच्या शेडमधले लोक आता बायकोवरून चिडवतील.

पुढच्या हिवाळ्यात तुझ्या गळ्यात गाठ निघाली. औरंगाबादला ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. बाजेवर उशाशी रेडिओ घेऊन तू पडून असायचीस. एकदा मी दारात आले तर तिचं गाणं चालू होतं आणि तुझे ओठ त्याबरोबर हलत होते, शब्दाला शब्द. क्षणभर वाटलं, तूच गातेस. मी भ्याले, तिथूनच परत फिरले. शिमग्याच्या आधी तू गेलीस.

त्यानंतर एका सकाळी दादा ड्युटीला निघताना बूट घालत होते. रेडिओवर तेच गाणं लागलं, नाव न घेता. दादांनी मान वर करून तिचं नाव घेतलं, पूर्ण, मोठ्यानं. मग कितीतरी वेळ एकच बूट घालून बसून राहिले. उशीर झाला तरी मी हटकलं नाही.

आता दादाही नाहीत. हे लिहिलेलं धाडायला पत्ता नाही आणि घरात कुणाला दाखवायचं नाही, म्हणून तुला इथंच सांगते. तुझ्या आवाजाची एकही फीत आपल्याकडे नाही. तो आठवायला बसले की तिचाच येतो. तू मला हाक मारतेस तीसुद्धा तिच्याच गळ्यातून. आधी मी नको म्हणून तो झटकायची. आता ओ देते.