डावा गुडघा आणि उजवा कौल

२८ एप्रिल १९५८
मिलमधून पत्र. वर मॅनेजरसाहेबांची सही, खाली कोचच्या हातच्या दोन ओळी. बास्केटबॉलची ट्रायल २ जूनला, यंदा मिलचा डॉक्टरही तपासायला बसणार. गार्डच्या जागा दोन, माणसं तीन. मी, परेरा आणि पुण्याचा नवा चंद्रकांत, वय बावीस. माझं एकतीस. संघातून गेलो की क्लार्कीही गेली. नऊ वर्षं हजेरीपुस्तकात कापड खात्याचा क्लार्क आहे, एक ठाण उलगडलेलं नाही. तक्रार कुठल्या तोंडाने करणार?
राहिलो तर यंदा कायम. मग खोली, मग सुलूला मुंबई. लग्नाला सहा वर्षं झाली, ती इथे मालवणात, मी तिथे.
सुलूने विचारलं, "कोणाचां पत्र?" म्हटलं, रजा वाढवून मिळाली.
डावा गुडघा (यापुढे डा. गु., वही कोणाच्या हाती लागली तर नको) सकाळी उठताना दोनदा बोलला. कट्. अडकित्त्यात सुपारी फुटते तसा.

३० एप्रिल
घरी सांगितलंय, आंबे खायला आलोय. उन्हं चढायच्या आत खळ्यात बॉल. शेणाने सारवलेलं, चोपलेलं अंगण, मिलच्या कोर्टापेक्षा बरं. फणसाला शाळेच्या ड्रिल मास्तरांनी ठोकलेली पिंपाची कडी गंजली, पण आहे. इथेच शिकलो. सोळाव्या वर्षी मुंबईत व्यायामशाळेसमोरच्या हॉटेलात कपबशा विसळत होतो, एक दिवस व्यायामशाळेच्या संघात माणूस कमी पडला, मी ओल्या हातांनी आत शिरलो. नंतर कपबशीला हात लावला नाही.
शेजारचे नाना कुंपणाच्या दगडी गडग्यावर टेकून बघत होते. "मेल्या, मिशी इली तरी चेंडू बडवतंस? ह्येचो पगार कोण देता?"
"मिल देता, नानानू."
"मगे मिल बुडतली!"
हसलो, हसत वळलो. कट्. नानांना ऐकू गेलं नाही. गार्डने बॉलकडे बघायचं नसतं, बॉल ऐकायचा असतो. मागचा माणूस कुठल्या पायावर आहे ते त्याच्या बुटावरून कळतं. कानांवर नऊ वर्षं काढली. आता तेच कान स्वतःच्या हाडांवर लागलेत.

३ मे
बंदरावर हसनमामूंकडे गेलो. पूर्वी गलबतावर तांडेल, आता पंचक्रोशीची हाडं बसवतात. आधीच जायला हवं होतं. पण बाबा डोलकाठीवरून पडले तेव्हा पाय मामूंनीच बांधला होता, आणि बाबा पुढे अकरा वर्षं पडवीतच... असो.
मामू डोळे मिटून अंगठ्याने चाचपत होते. "खयच्या अंगाक वळतंस रे?"
"डाव्या."
"सदां?"
"सदां."
"उजव्या अंगाक कित्याक नाय?"
मामूंनी अंगठा काढला.
"हाड बरां आसा. आतली गादी झिजली. येकाच बैलार नांगर धरलंस तू." वीस दिवस लेप आणि पट्टी. उडी बंद.
"मगे खेळूक येतलां?"
"बुटात पाय घालूक येतलो. खेळाचां तुजां तू बघ."

५ मे
मामूंचा प्रश्न डोक्यातून जाईना. सकाळी खळ्याच्या मध्यावर उभा राहून तांब्याभर पाणी ओतलं. फणसाकडे तोंड केलं तर पाणी सरळ डावीकडे, माडाच्या आळ्यात.
अर्थात! पावसाचं पाणी माडाला जावं म्हणून आजोबांनी उतार ठेवला. सपाट खळं करतो कोण आमच्याकडे? त्या उतारावरून मी वळायला शिकलो. डावीकडे मुरड घालायची आणि फणसाखाली घुसायचं. तीच मुरड बघून मिलच्या साहेबांनी नोकरी दिली, तिच्यामुळे पेपरात एकदा नाव आलं. नऊ वर्षं सपाट कोर्टावर मी आमच्या खळ्याचा उतार खेळतोय.
आई बाहेर आली. "पाणी कोणी ओतलां?"
"माडाक घातलंय."
"माड थंय आसा नि पाणी हंय?"
"पोचता बरोबर."
बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होती. की मला तसं वाटलं.

९ मे
आईला कळलं. आंघोळीसाठी पट्टी सोडली होती, ती न्हाणीत चुलीला लाकूड घालायला आली. ओरडली नाही. उंबऱ्यावर बसली.
"हसनचो लेप?"
"होय."
"वास वळाखलंय. अकरा वर्सां माज्या हाताक होतो."
मी हसून घालवायला बघितलं. "आये, चेंडूचो खेळ तो. डोलकाठी नाय."
"पडाक उंची लागता काय?" थांबली, मग म्हणाली, "येका मानसाक मियां अकरा वर्सां उठवलंय-बसवलंय. त्येकाव हसन म्हणालेलो, सा म्हयन्यात बोटीर चडतलंस. सुलूच्या वाटेक तां नको."
बाबांची काठी अजून दारामागे आहे. कोणी हलवत नाही.
जेवताना ट्रायलचंही सांगावं लागलं, तेव्हा थोरल्या भावाने, तात्याने, सोडवणूक काढली. त्याचा आंब्याच्या पेट्यांचा व्यापार, कुठलीही अडचण तो लवकर मिटवायला बघतो. "देवाक इचारूया. कौल लावया."
आई लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की मी मान वर करून बघितलं.

११ मे
कौल लावला. देवळात वीसेक माणसं, नाना सगळ्यांत पुढे. गुरवाने ओल्या कळ्या देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्याबद्दलचा प्रश्न सगळ्यांसमोर ठरलेला: झिलान औंदा मुंबयक जावन खेळूचां काय?
गाऱ्हाणं सुरू झालं. "बा देवा म्हाराजा..." की सगळे "व्हय म्हाराजा!" त्या गजरात गुरवाचं पुढचं बोलणं बुडतं, कोणी ऐकतही नाही. मी गजराखालचं ऐकत होतो. सवय. मैदान ओरडत असतं तेव्हा कोच काय सांगतो ते असंच ऐकावं लागतं.
गुरव म्हणत होता, "ह्यो झील हयच ऱ्हवांदे, हातापायान धड ऱ्हवांदे. तुजी मर्जी आसात तर उजवी दी."
व्हय म्हाराजा!
कळीला वेळ लागला. कोणी खोकलं नाही.
उजवी पडली.
"इलो, उजवो इलो!" नानांनी पाठीत असा धपका घातला की पुढे तोल गेला, डा. गु.वर. तात्या म्हणाला, "चोवीसची बोट. ती शेवटची, मगे दर्या बंद. तिकीट मी काडतंय." आईने तोंडाला पदर लावला होता. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

१२ मे
येणारा-जाणारा शाबासकी देतो. नाना: "देवान पास केल्यान, मगे डाक्टराची काय टाप!" प्रश्न बदलला होता, उजवी पडली ती मी इथेच राहावं म्हणून, हे तिघांनाच ठाऊक. गुरव, आई, मी. देवाला धरून चौघे.
सुलूला सांगितलं. पट्टी आणि ट्रायल तिला कळलीच होती; आता जागांचं, झिजलेल्या गादीचं, बदललेल्या प्रश्नाचं, सगळं एकदम. खोबरं खवत होती, हात थांबला.
"देवाचां ऱ्हवांदे. तुमका काय होया?"
"जावचां आसा."
परत खवायला लागली. नारळ संपवला. मग: "माका खोली नसली तरी चलात. चलणारो घोव होयो."

१७ मे
पट्टी आहेच. मामूंनी सपाटीवर चालायची मोकळीक दिली. मी खळ्यावर चालतो. बॉल डाव्या हातात, वळायचं उजवीकडे, चढाला. चालत, फक्त चालत, दिवसाला शंभरदा. एकतिसाव्या वर्षी पाटी पुसून पुन्हा बाराखडी.
डा. गु. चढाला बोलत नाही. एकदाही नाही!
पण बॉल जमिनीला लागतो आणि माझा पाय पडतो, यांत फट आहे. पूर्वी एकच आवाज यायचा, आता दोन येतात. तेवढ्या फटीत परेरा हात घालील. चंद्रकांत तर बॉल घेऊन पलीकडे पोचलेला असेल. पंधरा दिवसांत ती फट...

२१ मे
आईशी बोललो. खळ्याच्या कडेला कोकमाची सोलं वाळत घालत होती.
"आये, गुरवान काय इचारल्यान तां माका ऐकाक इला."
सोलं पसरतच राहिली. "म्हायत होतां. तुज्या कानांका ल्हानपणापासून कवाड नाय."
"मगे कित्याक केलंस?"
"लोकांच्या प्रश्नाक डावो इलो असतो तरी तू गेलो असतंस. खरां की नाय?"
मी एक सोल उलटून ठेवलं.
"म्हणान मियां माज्यापुरतां इचारलंय. देवान माका सांगल्यान. तुका खंय सांगल्यान? जा नायतर ऱ्हव. मी कोणाक सांगूचंय नाय."
भांडली असती तर मी तणतणत बोटीवर चढलो असतो. आता दोन्ही वाटा मोकळ्या, आणि दोन्हींवर ती उभी.
दुपारी कोचला पत्र लिहायला घेतलं. "गुडघ्याची थोडी तक्रार आहे, परंतु..." परंतुच्या पुढे लेखणी गेली नाही. फाडलं. खरं लिहावं तर जागा जाते, न लिहावं तर त्या डॉक्टरच्या अंगठ्याखाली...

२३ मे
पट्टी सुटली. पाय पांढरा, बारीक, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा. मामूंनी त्यांच्या घराच्या पायऱ्या चढायला-उतरायला लावल्या, आणि कान गुडघ्याशी आणला. मी म्हटलं, मामू, ते काम माझं. हसले.
मग एकदम गंभीर. "उद्या पडावातसून बोटीर चडताना डाव्या पायान उडी मारू नको. दर्या खवळलो आसा. उजवो पाय पयलो. ध्यानात ऱ्हवात?"
"ऱ्हवात."
जातोय. सुलूला सांगितलं. तिने मान डोलावली. आईला सांगायची गरज पडली नाही, ती वळकटी बांधत होती.

२४ मे, बोटीवर
आई बंदरावर आली. बाबा पडल्यापासून ती बंदराची पायरी उतरली नव्हती. तात्या कुजबुजला, "बगलंस? कौलान केवडो धीर दिल्यान तिका!" काय सांगणार त्याला.
बोटीपर्यंत नेणारा पडाव भरलेला, माणसं, ट्रंका, आंब्याच्या करंड्या. बोटीच्या अंगाशी आल्यावर पडाव पुरुषभर वर जायचा, तेवढाच खाली. खलाशी ओरडत होता, "आता! आता चड!" उजवा, उजवा, असं मनात घोकत होतो. लाट आली, मागून कोणीतरी करंडी रेटली, आणि माझ्या पायांनी नऊ वर्षं केलं तेच केलं. डाव्यावर उडी.
त्याच वेळी बोटीचा भोंगा वाजला.
गुडघा बोलला की नाही, ठाऊक नाही. मला काही ऐकूच आलं नाही.
कठडा धरून, सगळा भार उजव्यावर टाकून बाकापर्यंत आलो आणि बसलो. किनाऱ्यावर आईचं लुगडं दिसत होतं. हात हलवत नव्हती. पायांकडे बघत असणार, पण एवढ्या लांबून काय दिसणार.
वळकटी जड लागली म्हणून सोडली. आत बाबांची काठी. ती मी चालावं म्हणून घातली, की परत यावं म्हणून, की...
ट्रायलला नऊ दिवस.
देवगड आलं. खाली पडाव लागलेत, माणसं चढताहेत, करंड्या येताहेत. समोरचा गृहस्थ दुसऱ्यांदा म्हणाला, "चला, चाय घेवया." म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, आलोच. अडीच तास झाले बसून. काठी बाकाखाली सारली आहे. अजून उठलेलो नाही.