हसण्यासारखं त्यात काय होतं?

१४ मार्च

प्रिय दादास,

नमस्कार. तुम्ही सगळे खुशाल असालच. इथेही ठीक. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, मांजरीने कपाटात पिल्लं घातलीत आणि मी परवापासून पुन्हा कारखान्यात क्रेन चालवायला जाते आहे.

तुझा साठावा वाढदिवस थाटात झाला, हे वहिनीकडून कळलं. मी आले नाही म्हणून ‘कॅन्सर बरा झाला तशी हिला शिंगं फुटली’ असं तू म्हणालास, तेही कळलं.

शिंगं नाही फुटली, दादा. गर्भाशयाचा कॅन्सर रेडिएशनने गेला, पण ओटीपोटावर घेतलेले ते किरण गाठीपुरते थांबत नाहीत, शेजारचं आतडंही भाजून काढतात. जुलाब उपचारांबरोबर थांबतील असं सांगितलं होतं. वर्ष उलटलं तरी थांबले नाहीत. कळ आली की संडासाचं दार गाठायचीही उसंत नसायची. कधी रक्त पडायचं. बाहेर जायचं असलं की मी आदल्या दिवसापासून उपाशी राहायचे, आणि तू मला जेवायला बोलावत होतास!

तपासणीला गेले की सांगायचे. डॉक्टर फाइलमधून मान वर न काढता म्हणायचे, “गाठ नाही ना? मग एवढं चालायचंच.” तुला सांगितलं तर तू म्हणालास, “जीव वाचला हे काय थोडं झालं?” जीव वाचला म्हणून मी जन्मभर तोंडाला कुलूप लावायचं का?

क्रेनवरचा प्रकार मी फक्त वहिनीला सांगितला होता. तिने तुला सांगितला, आणि तू वाढदिवसाच्या भर जेवणात म्हणालास, “आमची बहीण वरून लोखंड सोडते हे ठाऊक होतं, आता काय काय सोडते बघा!” सगळं टेबल हसलं म्हणे. वहिनी फोनवर रडत होती.

तर आता पुरतं ऐक. त्या दिवशी माझ्या हुकाला पत्र्यांचा गठ्ठा लटकत होता आणि खाली माणसं काम करत होती. कळ आली. तशीच शिडी उतरले असते तर कदाचित पोचलेही असते. पण ओझं अधांतरी टांगून क्रेन सोडायची नसते. मुकादम खालून हाताने ‘सावकाश, सावकाश’ दाखवत होता. मी सावकाशच आणलं. जे व्हायचं ते खुर्चीवर झालं. गठ्ठा जमिनीला टेकला, हूक सुटला, मगच मी दांड्यावरचा हात काढला. मग रडले.

“उतरा की बाई!” मुकादम ओरडला.

“आधी सगळ्यांना बाहेर पाठवा,” एवढंच म्हणाले.

त्याने काही विचारलं नाही. माणसं चहाला पिटाळली, शिडीच्या पायथ्याशी आपला रेनकोट ठेवला आणि पाठ करून उभा राहिला. आजतागायत अवाक्षर काढलेलं नाही. परका माणूस तो. आणि तू माझा सख्खा!

त्यानंतर मी घरातच कोंडून घेतलं. शेवटी हे मला हाताला धरून पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. “कपडे खराब होतात का?” असं त्यांनी सरळ विचारलं. आजवर कोणी विचारलं नव्हतं.

“रेडिएशननंतर हे पुष्कळांना होतं. इतके दिवस अंगावर का काढलंत?”

माझं डोकंच फिरलं. “अंगावर नाही काढलं! सांगत होते. ऐकलं नाही कोणी.”

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “बरोबर आहे तुमचं,” म्हणाल्या.

दुर्बिणीने तपासलं, पित्त शोषून घेणारी पावडर दिली, खाण्यातलं तेल-तूप कमी केलं. अगदी पूर्वीसारखी होईन असं त्या म्हणत नाहीत. पण आता दार गाठता येतं. मी वर असले की बदली ऑपरेटर खाली तयार असतो. ती सोय मी मुकादमाकडे मागून घेतली, मान खाली न घालता.

‘गंमत केली गं’ म्हणायला फोन करू नकोस. ज्यांच्यापुढे हसलास त्यांना पुन्हा बोलाव आणि त्यांच्यापुढेच सांग, की तुझ्या बहिणीने स्वतःची लाज सोडली पण खालच्या माणसांवर ओझं पडू दिलं नाही. तोवर तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, आणि त्याचं खापर पोटावर फोडणार नाही.

वहिनीला माझा नुसता नमस्कार नको, माया सांग.

सध्या फक्त नात्याने तुझी,
धाकटी