डाव्या पायाला काम नाही

दादा, माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि ती ऐकून घेईल असा कोणी साहेब आता शिल्लक नाही म्हणून तुम्हालाच लिहितोय. तुमच्या नातीनं, माझ्या पोरीनं, पुण्याहून गाडी आणलीय आणि तिच्यात डाव्या पायाला काहीच काम नाही. ज्या पायानं उभी हयात क्लच दाबला, तो आता लग्नातल्या रुसलेल्या व्याह्यासारखा एका बाजूला बसून राहतो. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर साधी नोटीससुद्धा न देता घरी बसवलं त्याला. बरं, गाडी इतकी ठेंगणी की गावातल्या एकूण एक गतिरोधकानं तिचं पोट खरवडून घेतलं. आणि आवाज असा की गल्लीतली कुत्री अजून एकमेकांकडे बघायलीत.

नात गाड्यांच्या कंपनीत आहे. गिअर कधी आणि कसा पडावा हे गाडीतल्या कॉम्प्युटरला शिकवायचं, हे तिचं काम. मुलाखतीत तिनं तुमचं नाव काढलं होतं म्हणे, माझे आजोबा उसाचा ट्रक चालवायचे आणि नुसत्या कानानं गिअर टाकायचे. साहेब लोक खूश झाले. ते कान घडवायला तुम्ही काय वापरत होता, हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं.

फॅनबेल्टचा तुकडा. सीटच्या मागं, तुमच्या उजव्या हाताला लागेल असा. मी कॉलेजात नापास झालो त्या वर्षी तुम्ही मला स्टीअरिंगवर बसवलंत. त्या ट्रकचा गिअर सरळ खाली यायचा नाही. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस द्यायची, इंजिन चाकांच्या वेगाला पोचलं की पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. रेस कमी पडली तर आतून हाडं दळल्यासारखा कर्रर्र आवाज यायचा, आणि तो संपायच्या आत माझ्या मानेवर पट्टा बसायचा. "दात तोडायलास का माझ्या गाडीचे? तुझे तोडू का?" रेस जास्त झाली तरी पट्टा. बरोबर पडला तर काही नाही. बरोबर म्हणजे शांतता, एवढंच मला कळलं होतं.

पुलाच्या अलीकडच्या उतारावर ब्रेक गेले तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मागं पुरा लोड, ऊस दोन्ही बाजूंनी लोंबतोय, समोर बैलगाड्यांची रांग. मी पेडल दाबतोय आणि ते पोकळ खाली जातंय. तुम्ही केबिनमध्ये अर्धे उभे राहिलात, हॉर्नवर मूठ दाबून धरलीत आणि दुसऱ्या हातानं मला हाणायला लागलात. मानेवर, कानावर, पाठीवर, दिसेल तिथं. "दे रेस, दे, अजून दे, मेलास तरी चालंल, गिअर मोडू नको." तोंडात रक्ताची चव आली होती, डाव्या कानात नुसता सूं आवाज. तिसऱ्यातून दुसरा पडला. इंजिन किंचाळलं, सगळा ट्रक थरथरला, आणि शेवटच्या बैलगाडीच्या मागं बांधाच्या चिखलात नाक खुपसून उभा राहिला. गाडीवाला खाली उतरून आमच्याकडे बघत होता. तुम्ही पट्टा उचललात आणि आणखी एक दिलात. "न्यूट्रलला रेस उशिरा दिलीस."

परवा पोरीनं मला गंगाखेडच्या रस्त्यावर गाडी चालवायला दिली. स्टीअरिंगमागं दोन पट्ट्या आहेत, डावी ओढली की गिअर खाली येतो. ती समजावत होती, "बाबा, तुम्ही फक्त मागायचं. इंजिनाला किती रेस लागेल ते गाडी स्वतः मोजते, स्वतः देते, मगच गिअर जोडते. धक्का बसत नाही."

"अन् चुकीचा मागितला तर? लय खालचा?"

"देतच नाही. आहे त्या गिअरवर राहते."

"मारत न्हाई?"

ती हसली. मी गंमत करतोय असं वाटलं तिला.

मी डावी पट्टी ओढली. गाडीनं आपणहून एक रेस मारली, भ्वांऽ, तुमच्यासारखी, नेमकी. दादा, तो आवाज आला की पुढं काय करायचं हे माझ्या पायाला कुणी सांगावं लागत नाही. दुसऱ्यांदा क्लच. घरी बसलेला डावा पाय वीज लागल्यासारखा उठला आणि जीव खाऊन खाली बसला. तिथं क्लच नव्हता, ब्रेक होता, हातभर रुंद. गाडी जागच्या जागी गाडल्यासारखी थांबली. सीटबेल्ट छातीत रुतले, पोरीचा मोबाईल काचेवर जाऊन फुटला, तिच्या दाताखाली तिचाच ओठ आला. मागं उसाची दुहेरी ट्रॉली घासत, किंचाळत वीतभर अंतरावर येऊन थांबली. ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ काका, मरायचंच असंल तर गोदावरीत जावा की, आमच्या फुडं कशाला?"

माझी हनुवटी छातीला टेकली होती आणि दोन्ही हात मानेवर होते. मी वाट बघत होतो.

हनुवटीवर रक्त ओघळत असताना तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बाबा, कोण मारायलंय तुम्हाला?"

लोकांची टर उडवण्यात माझं तोंड कधी थांबत नाही, पण तेव्हा एकही विनोद सुचला नाही. गाडी कडेला घेतली आणि सांगितलं. पट्टा, उतार, चिखल, सगळं. तिच्या मनातले आजोबा तिच्यापासून जातील अशी भीती होती, खरं तर म्हणूनच इतकी वर्षं गप्प होतो. ती रुमालानं ओठ दाबून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "फुल लोडवर, ब्रेक नसताना, दुसरा पडला?"

"पडला."

"मग काय म्हणाले ते?"

"उशिरा दिलीस म्हणाले."

भिंतीवरचा तुमचा फोटो तिनं काढलेला नाही. पण काल संध्याकाळी त्याच्यासमोर उभी होती, आणि नमस्कार न करता गेली.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. आत्ता ती निघाली म्हणून अर्धवट ठेवून फाटकापर्यंत जाऊन आलो. ओठ अजून सुजलेला आहे. काच खाली घेऊन म्हणाली, "येते बाबा."

मी म्हणालो, "गिअर लय चांगला शिकवलास त्या गाडीला. शाबास."

तुमच्याकडून यायचं राहिलेलं होतं, ते पुढं देऊन टाकलं. आता आपल्यात त्या उताराचं काही बाकी नाही. एवढंच की, तो शब्द तोंडातून निघताना माझी मान आपोआप आत गेली होती.