पऱ्हाटीची फरशी

११ मार्च
आईचा प्रश्न : "जे मातीत गाडलं का सडून जाते, थे घरात काहून टिकते?"
बी.एस्सी. झाले, अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या कारखान्यात लागले, मक्याच्या स्टार्चचं प्लास्टिक आणि पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळल्या झाडांचा, भुसा दाबून फरशी करते, आणि हे सांगता येत नाही. ओल, उष्णता आणि जंतू तिन्ही एकत्र आले तरच सडते, घरात तसं नसतं, असं काहीतरी बोलले. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आपल्या घरात तं तिन्ही हायेत." दोघी हसलो.
पण हे उत्तर नाही. किती ओल? किती दिवस? मला माहीत नाही. नितीनभाऊंनाही नसावं. कारखाना त्यांचा, पण ते मूळचे कापडवाले.

१९ मार्च
दर्यापूरजवळच्या आमच्या गावच्या अंगणवाडीत फरशी बसली. फुकट. नितीनभाऊंची कल्पना : लोकांना दाखवायला एक जागा हवी. चहाच्या रंगाची दिसते. पोट्टे लोळले तिच्यावर.
मला बोलायला लावलं. मी म्हणाले, हे बाहेरचं प्लास्टिक नाही, आपल्या मक्याचं, आपल्या पऱ्हाटीचं आहे, मातीच समजा. टाळ्या. ओल्या फडक्याने पुसा, पाणी ओतू नका, हेही सांगितलं, पण तोवर चहा आला होता.
विमलकाकू तिथल्या मदतनीस. मी याच अंगणवाडीत त्यांच्या हातची खिचडी खाऊन वाढले. पायाने चाचपून म्हणाल्या, "गार लागते वो. पाय भाजत नाई."
त्यांची सून सारिका बचत गटाची अध्यक्ष. भुसा गटातल्या बायाच करतात, ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये मशीन आहे. यंदा बोंडअळीने कापूस गेला, लोकांनी पऱ्हाट्या वेळेआधीच उपटल्या. वेचणी नाही, निंदण नाही. बायांना मजुरी आहे ती या मशीनचीच. सारिका म्हणते, अळीनं खाल्लं थे मशीन ओकून राहिली.

२ एप्रिल
अकोल्याच्या खान मॅडम कारखान्यात आल्या. अकोला, अकोट भागात त्यांच्या संस्थेच्या बालवाड्या आहेत. सगळ्यांना हीच फरशी घालायचा विचार. नखाने टोकरून पाहिलं, नाकाला लावून पाहिलं.
"बच्चे दिनभर नीचेच रहते. गिरते, सोते, चाटते भी. चलेगा?"
चलेगा, म्हणाले. विषारी काही नाही, हे खरंच आहे.
त्या गेल्यावर नितीनभाऊ खुशीत. अकोला पक्कं झालं की गावात दुसरं मशीन. मी सारिकाला फोन केला. पलीकडे बायांचा गलका.

१४ एप्रिल
जयंती. गावी. निळे झेंडे, घराघरांत रंगरंगोटी. मिरवणुकीआधी अंगणवाडीत डोकावले.
फरशी सारवलेली. शेणाने. बोटांच्या चंद्रकोरी एकीला एक लागून, भिंतीपर्यंत. इतकं सुरेख सारवण आता आमच्या आईलाही जमत नाही.
"काकू, हे काय केलं?"
"दर शनिवारी करतो. तूच तं म्हणली, मातीच समजा."
हसू आलं, मग आलं नाही. पुन्हा करू नका, म्हणाले. काकूंना लागलं. "सणासुदीले जमीन उघडी ठेवू काय? लोकं का म्हनतीन?"
कोपऱ्यातलं सारवण खरवडून नख टेकवलं. आत गेलं. ओल्या पुठ्ठ्यात जावं तसं.
मिरवणुकीत मन लागलं नाही.

१५ एप्रिल
नितीनभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "फरशीवर कोणी शेण फासते का?"
आमच्याकडे फासतात.
"अकोल्यात नाही ना फासत? झालं मग. वरून कोटिंग वाढवू."
अमरावतीच्या खोलीवर आले. गच्चीत पत्र्याखाली तीन टोपल्या मांडल्या. एकीत कोरडी फरशी, एकीत पाण्यातली, एकीत शेणकाल्यातली. घरमालकीण नाक मुरडून गेली.

२६ एप्रिल
ऊन भयंकर. दुपारी गच्चीत चप्पल घालूनही पाय ठेववत नाही.
शेणातली फरशी फुगली, पांढरी बुरशी आली, हातात बिस्किटासारखी तुटली.
पाण्यातली पण. उशिरा, पण तिच्याही कडा वर आल्या.
म्हणजे दोष शेणाचा नाही. काकूंचाही नाही. नुसतं पाणी आणि आपला उन्हाळा पुरे आहे. उन्हाळ्यात खाली पाणी शिंपडत नाही असं वऱ्हाडात घर कुठलं?
नितीनभाऊ म्हणाले, गच्चीवरची टेस्ट ही टेस्ट नसते. मग खरी कुठे करू? तर त्याला वेळ नाही.
अंगणवाडीच्या सेविकेला फोन केला. कडा उचलल्या तर मला कळवा, म्हणाले. काढून टाका म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही.

३ मे
आईचा फोन. विमलकाकू पडल्या. चुलीवरून खिचडीचं गंज, मोठं पातेलं, आणत होत्या, उचललेल्या कडेत पाय अडकला. गुडघ्याखाली सगळं भाजलं, आणि एक हात. पोट्टे भिंतीशी ओळीने बसले होते म्हणून वाचले. दर्यापूरहून अमरावतीला हलवलंय. निघते.

४ मे
जळीत वॉर्ड. त्या वासाबद्दल लिहीत नाही.
काकू शुद्धीवर. पहिलं बोलल्या ते हे : "खिचडी सांडली न वो सगळी. पोट्टे उपाशी गेले."
दुपारी नितीनभाऊ आले. औषधं, मलम सगळं त्यांनी आणलं, डॉक्टरांशी बोलले. माणूस वाईट नाही. मग व्हरांड्यात म्हणाले, "ओल्या जमिनीवर पाय घसरला. असंच झालं ना, निशा? तुझ्याच गावच्या आहेत, तू विचारून घे."
मी मलमाची पिशवी घेऊन आत गेले. त्याचा त्यांनी हो असा अर्थ घेतला असणार.

९ मे
गावी. ओसरीत गटाच्या बाया येऊन बसल्या. आईने चहा केला, कोणी घेतला नाही.
सारिका बोलली. "अकोल्याले काई सांगू नोको."
मी म्हणाले, सारिका, तुह्या सासूचा पाय...
"माह्याच सासूचा जळला ना? रोज डबा मीच नेतो ना? मंग मी म्हनून राहिली, तं तुले काय झालं?" नंतर आवाज खाली आला. "पेरणी होयेपर्यंत हातात दुसरं काई नाई, निशा. तू शिकली, तुले धा कामं भेटतीन. आमाले कोन बलावते?"
एक म्हातारी मागून म्हणाली, "पानी टाकू नोका म्हना न त्यायले, खतम."
आई चुलीशी. न प्यालेला चहा परत भांड्यात ओतत होती. तिच्या दोन मैत्रिणी त्या मशीनवर आहेत.

१३ मे
दवाखाना. काकूंच्या तोंडावर जरा रंग आहे. नर्स, डॉक्टर, शेजारच्या खाटेवरची बाई, सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलंय : मीच घसरली.
"माह्या पायासाठी मशीन नोको बंद पाडू, निशे. पाय का, बरा होते."
होणार नाही तसा. डॉक्टर म्हणाले, कातडी आखडेल, उकिडवं बसता येणार नाही. काकूंना हे अजून माहीत नाही.
"हो म्हन."
हो म्हणाले.

१८ मे
नवं कोटिंग आलं, चकचकीत. टोपलीत घालून पाहिलं. वरून पाणी जात नाही, कापलेल्या कडेतून जातं. भिंतीशी फरशी कापावीच लागते. आणि भिंती कोणत्या खोलीला नसतात?
नितीनभाऊंपुढे तुकडा ठेवला. त्यांनी तो उलटून कड पाहिली. मग म्हणाले, "मला दिसत नाही असं वाटतं का तुला? ऑर्डर आली तर कारखाना राहील. कारखाना राहिला तर सुधारू. बंद पडला तर सुधारणार कोण?"
मी तुकडा उचलून घेतला.
सोमवारी अकोल्याला मीच जायचं. "तुझं बोलणं लोकांना पटतं." शाळा उघडायच्या आत काम सुरू व्हायला हवं.

२१ मे
अकोल्याची एस.टी. खिडकीची सळई हात लावू देत नाही. मूर्तिजापूरच्या पुढे दोन्हीकडे काळी उघडी वावरं. धुऱ्याबांधावर पऱ्हाट्या पेटवलेल्या, अळी मरावी म्हणून. त्यांचीही फरशी झाली असती.
पिशवीत दोन तुकडे. एक चकचकीत, एक टोपलीतला. दुसरा का घेतला ते स्वतःला विचारलं नाही.

खान मॅडमनी आधी बालवाडी दाखवली. सुट्टी आहे, खोली रिकामी. जुनी शहाबादी, मधेमधे फुटकी. खिडकीत कूलर, त्याच्या खाली सतत ठिबकून ओलीचा मोठा डाग. डागाच्या कडेला सतरंजीची गुंडाळी.
"बच्चे यहींच सोते दोपहर में. कूलर के पास जगह के लिए झगड़ते."
मी दोन्ही तुकडे बाहेर काढले.
सगळं सांगितलं. टोपल्या, कडा, अंगणवाडी, गंज. काकूंचं नावसुद्धा.
त्यांनी टोपलीतल्या तुकड्यावर अंगठा दाबला. चुरा झाला. तो त्यांनी ओढणीच्या टोकाने टिपून घेतला, खाली सांडू दिला नाही.
"सेठ को मालूम है, तुम ये ले के आई?"
नाही.
"और वो बाई को?"
नाही.
मग म्हणाल्या, "मैं अब ये नहीं लगा सकती, बेटा. समझती ना?"
समजते.
अमरावतीची गाडी सोडली, दर्यापूरची धरली. तिथून जीप. मशीन चालू होतं. सारिकाला बाजूला घेऊन सांगितलं. तिने पदराने तोंडावरचा भुसा पुसला. वाटलं, मारेल. नाही मारलं. "तुह्या काकूले तूच सांग," म्हणाली, "मी नाई सांगत," आणि परत जाऊन पऱ्हाट्या आत ढकलू लागली. बाकीच्या बाया माझ्याकडे बघत होत्या. त्यांना अजून कळलं नव्हतं.
अंगणवाडीची किल्ली घेतली. फरशी उखडायला सब्बल आमच्या घरची. कडांच्या फरश्या आपोआप निघाल्या, मधल्यांना जोर लागला. आई आली, टोपलं भरू लागली.

२२ मे
दवाखान्यात. नितीनभाऊंना फोन करून सांगितलं. त्यांनी मधेच ठेवला. परत आला नाही.
मग काकूंना.
त्या छताकडे बघत म्हणाल्या, "हो म्हनली होती न वो तू."
"हो."
"मंग?"
पोट्ट्यांचं, कूलरचं सांगू लागले. त्यांनी डोळे मिटले. मी थांबले.
ड्रेसिंगवाली आली. पट्टी सोडताना काकूंनी पलंगाची लोखंडी कड धरली. माझा हात तिथेच होता, तो नाही धरला.