लोर्नाच्या अर्जावरची सही

प्रिय लोर्ना,

मिलवॉकीतले सव्वीस गोल लाकडी जिने, तुझा पाळणा आणि ज्यावर हे लिहितोय ते टेबल मी स्वतःच्या हातांनी केलं. एकाही सांध्यात कागद सरकणार नाही.

शाळेतच कॉलेजचं गणित घ्यायचा अर्ज तू हौसेने सहीसाठी आणलास, तेव्हा मी म्हणालो, "तुझ्या बापाचं त्यावाचून अडलं का कुठे?"

"मग मरू दे ते गणित!" म्हणालीस आणि अर्ज इथेच टाकून आईच्या घरी गेलीस.

आज मी सही केली. अर्ज शाळेत देतोय. हे पत्र तुला द्यायचा धीर नाही. जिन्यांच्या कारखान्याने देऊ केलेली नोकरी मी ऐटीत नाकारली, असं तू ऐकत आलीस. खरं तर त्यांनी आधी हेच गणित शिकायला सांगितलं होतं आणि मी भ्यालो. ते पद आराखडा विभागाच्या प्रमुखाचं होतं, वर्षाला अठ्ठ्याहत्तर हजार डॉलरचं.

तुझा बाबा,
एमिल