तीन नंबरला थांबवा

सोमवार
आले एकदाची! ज्यांचं काम घेतलंय ते काका स्वतः स्टेशनवर आले, माझी बॅग उचलली आणि घर येईपर्यंत इंजिनांबद्दलच बोलत राहिले. वरच्या खोलीत भलंमोठं टेबल आहे, त्यावर रूळ, बोगदा, पूल, सगळं त्यांच्या हातचं. कपाटात हातभर लांबीची जुनी, खऱ्यासारखी हुबेहूब इंजिनं. ती सगळी मी डिजिटल करून द्यायची. काकूंनी पोटभर जेवू घातलं, बोलल्या मात्र काही नाहीत. नवऱ्याचा जीव रुळांत अडकलेला, बिचारी काय बोलणार, असं मनात येऊन मला हसू आलं.

मंगळवार
जुन्या इंजिनात रुळातली वीज थेट मोटरला जाते, त्यामुळे बटण फिरवलं की रुळावरची सगळीच पळत सुटतात. आता प्रत्येकाच्या पोटात एक चिप बसवायची आणि तिला नंबर द्यायचा. हुकूम रुळातूनच जातो, पण ज्याचा नंबर त्यानेच ऐकायचा. आधी मोटर सांगाड्यापासून नीट वेगळी करावी लागते, नाहीतर चिपचा धूर आणि आपलं तोंड काळं. नवी कोरी चिप नेहमी तीन नंबरला ओ देते. म्हणून प्रत्येक इंजिन आधी तीनवर चालवून बघायचं, मग त्याला स्वतःचा नंबर.
काकांना गमतीने म्हटलं, तुम्ही घरात दोघंच, तीन नंबर तुमच्याकडेही रिकामाच की. ते हसले नाहीत.

बुधवार
काकूंनी आज भाजी निवडताना सांगितलं. त्यांना एक मुलगी होती, चिऊ. जन्मापासून हृदय अधू, डॉक्टरांनी धावायला सक्त मनाई केलेली. सात वर्षांची असताना ती टेबलाभोवती इंजिनाशी शर्यत लावून धावली. ती हसत होती म्हणून काका वेग वाढवत गेले. मग ती खाली बसली, ती उठलीच नाही.
कालची माझी थट्टा आठवली. जीभ हासडून टाकावीशी वाटली. दिवसभर मान वर न करता काम केलं.

गुरुवार
शेवटचं इंजिनही झालं. सगळ्यांना आपापले नंबर दिले. दुपारी खात्रीसाठी तीन नंबर लावून बटण फिरवलं. एकही इंजिन हलायला नको होतं, हललंही नाही. पण टेबलाभोवती पावलं वाजली. छोटी, अनवाणी. शून्यावर आणलं, तशी थांबली.
काका दारात उभे होते. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून बटण घेतलं.

शुक्रवार, सकाळ
उजाडल्यापासून चालवताहेत. चहासुद्धा घेतला नाही. पावलांबरोबर आता हसणंही ऐकू येतं. काकू जिन्यात बसून होत्या, शेवटी वर आल्या. म्हणाल्या, "तिला दम लागतोय हो. ऐकू येत नाही का तुम्हाला?"
मला ऐकू येतंय. हसणं कमी, धाप जास्त — काका वेग कमी करायला तयार नाहीत. न राहवून मी रुळाची वायरच उपटली.

दुपार
घोडचूक केली. इंजिन असतं तर वीज गेल्याबरोबर थांबलं असतं. ती धावतेच आहे. आणि थांब म्हणायचं तर हुकूम जायचा रुळातूनच — तो मीच तोडला. काकू पाण्याचा पेला घेऊन तिच्या मागे फिरताहेत. वायर मुळापासून तुटलीय, नीट बसत नाही —

संध्याकाळ
जोडली. शून्यावर आणलं. पावलं थांबली. कोणीतरी खाली बसल्याचा आवाज. धाप हळू — आणखी हळू — मग काहीच नाही. काकू जमीन चाचपत राहिल्या. तिला थांबवणं म्हणजे हेच, आधी कळायला हवं होतं. या वेळी हात माझा होता.

काका विनवताहेत, फक्त चालवतो. धावू देणार नाही. एकदाच —

बटण त्यांच्याकडे. पावलं. हळू, अगदी हळू. काकूंनी डोळे मिटलेत.

ती हसली — आणि काकांचा हात बटण पुढे —